भट्टीवाल्याचा दगड

२१ फेब्रुवारी

विद्याने ही वही दिली. म्हणाली, आई, बोलून बोलून माझं डोकं खाऊ नकोस, जे काय आहे ते यात लिही. मी चौथीपर्यंत शिकलेली. हर्णै बंदरावर तीस वर्षं मासळी विकली, तिथे तोंड लागतं, पेन लागत नाही. पण लिहिते. विद्याचा बाप सापडला की वाचून दाखवीन, काय काय करायला लावलंस बघ म्हणून.

आधी झालं ते.

आमच्या आळीतले दोघे इथे आयर्लंडात एकाच बोटीवर खलाशी. विद्याचा बाप आणि दिलीप. पंधरा दिवस एक पाण्यावर, पंधरा दिवस दुसरा. बारा तारखेला दुपारी गावात बातमी आली की बोट बुडाली. फेरी दिलीपची होती. मी हात पुसले आणि त्याच्या घरी गेले. घाईत चपला पण काढल्या नाहीत. त्याची बायको वृंदा जमिनीवर पडलेली. मी तिला म्हटलं, "बाय, रडून समुद्र काही परत देत नाही. ऊठ, पोरांना जेवायला घाल." बरं बोलले असं मला वाटलं. बाकीच्या बायका माना डोलवत होत्या.

दोन तास बसले तिथे. मग विद्याचा फोन.

"आई, कुठे आहेस?"

"वृंदाकडे."

"तिथून ऊठ आधी. दिलीपदादा बोटीवर नव्हताच. त्याच्या जागी बाबा गेले होते."

फोनचा आवाज मोठा असतो माझ्या, बंदरावरची सवय. वृंदाने ऐकलं. तिचं रडणं थांबलं आणि तिने माझ्याकडे बघितलं. तिला आनंद झाला होता आणि तो लपवता येत नव्हता. तिच्या जागी मी असते तर मलाही लपवता आला नसता.

व्हिसा पाच मार्चच्या तिकिटासाठी आधीच झाला होता, विद्याच्या मुलीच्या बारशाला यायचं होतं म्हणून. तिकीट अलीकडे ओढलं आणि आले. नव्वद दिवस. अठरा मेला निघायचं. तोवर तो मिळायला हवा. मला त्याला घरी न्यायचंय, जसा असेल तसा.

२३ फेब्रुवारी

विद्या ड्रोहेडाच्या हॉस्पिटलात नर्स, आता रजेवर. जावई परेश डंडॉकला कंपनीत. तेथून बंदर अर्धा तास. परेश पोचवतो.

बोटीवर चौघे होते. बोट चालवणारा तांडेल आणि दोघांचे देह मिळाले. राहिला आमचा. झालं काय तर जाळं तळाला एका जुन्या बुडालेल्या जहाजात अडकलं. ओढायला गेले, बोट मागे खेचली गेली, मागून लाट आत. वायरलेसवर तांडेल एवढंच बोलला की अडकलोय.

बंदरावर हॉलमध्ये गावच्या बायका दिवसभर चहा आणि तिकोनी सँडविच करतात. पुरुष किनाऱ्याने चालत शोधतात, ओळखीचे नाहीत, पाळखीचे नाहीत. येणारा प्रत्येक जण माझा हात धरतो आणि तेच चार शब्द पुटपुटतो. विद्याला विचारलं काय म्हणतात. "तुमच्या त्रासाबद्दल वाईट वाटतं, असं."

"त्रास? मला काय दातदुखी आहे?"

"इथे असंच म्हणतात, आई."

पोलिसाने नवऱ्याचं नाव विचारलं. मी गप्प. एकतीस वर्षांत उखाणा सोडला तर तोंडातून काढलेलं नाही. विद्याने सांगितलं. पोलीस माझ्याकडे बघत राहिला, त्याला वाटलं मला माहीतच नाही.

२७ फेब्रुवारी

दिलीप रोज येतो. मी सांगितलेलं नाही. हॉलच्या दारात उभा राहतो, "काकी, चला" म्हणतो, आणि मला किनाऱ्यावर नेतो. तीन मैल जातो, तीन मैल येतो. माझ्या पाठी चार पावलं. एकदा पण बरोबरीने चालत नाही.

आज विचारलं, तुला झालं काय होतं त्या दिवशी.

"ताप होता, काकी."

"किती?"

"होता जरा."

जरा. पस्तिशीचा बाप्या, जरा तापाने अंथरुणात पडतो आणि चोपन्न वर्षांच्या माणसाला पाण्यावर पाठवतो. तोंडावर बोलले मी. त्याने डबा आणला होता, बांगड्याचं कालवण. मी म्हटलं, तूच खा, तुला ताकद लागेल. तो डबा तिथेच ठेवून गेला. कालवणात आपल्या कोकणातली त्रिफळं होती. कुठून मिळवली देव जाणे.

४ मार्च

पाणी चढलेलं, पाणबुडे उतरले नाहीत. इथे युजीन म्हणून म्हातारा आहे, ऐंशीच्या पुढचा, पूर्वी स्वतःची बोट होती. धक्क्याच्या टोकाला त्याचं घर. त्याने आत बोलावलं. खिडकीत परातीएवढं भांडं, त्यात कोळसे. मी म्हटलं म्हाताऱ्याला शेगडीला जागा मिळाली नाही वाटतं.

दिलीपने विचारून सांगितलं. हे कोळसे जाळ्यातून वर आलेत. आमचं जाळं ज्यात अडकलं त्यातले. ती मासेमारीची आगबोट होती, वाफेवर चालणारी, एकशेचौदा वर्षांपूर्वी बुडाली. नाव एलिनोर.

आगबोट म्हटल्यावर मला कळलं. माझा आजा हर्णैला आगबोटीची माणसं पडावातून उतरवायचा. पण मासे धरायला आगबोट, हे पहिल्यांदा ऐकलं. युजीनने हाताने करून दाखवलं, फोटो दाखवले. नऊ माणसं. शिडाच्या बोटी वाऱ्याची वाट बघत बसायच्या, ही बसायची नाही. म्हणून माणसांनाही बसायला नाही. तीन तासांनी जाळं वर, मासा फाडा, जाळं खाली. थंडीत डेकवर हाताला जाळी चिकटायची आणि खाली भट्टीवाला उघड्या अंगाने कोळसा टाकायचा. कोळसा संपला तर मासळीच्या पेट्या जाळायचे. मालकाला मासा लवकर हवा, म्हणून वादळात पण बाहेर. वाफ आहे ना, मग भीती कसली. अशा पुष्कळ गेल्या, तो म्हणाला.

मी विचारलं, आगबोट तिथे आहे हे सगळ्यांना माहीत, मग तांडेल जाळं घेऊन गेलाच कशाला?

दिलीप म्हणाला, "मासा तिथेच असतो ना, काकी."

ते खरं. आमचे पण खडकाच्या अंगानेच जाळं मारतात. दहा वेळा जमतं.

९ मार्च

आज बारसं व्हायचं होतं. बाप बेपत्ता असताना विद्या पाळणा सजवायला तयार नाही. मुलीला सगळे बाळ म्हणतात. कागदावर नाव आहे, पण ते मी घेणार नाही, नियमाने ठेवल्याशिवाय.

या दिवसासाठी किती भांडले होते मी. विद्याच्या बारशाला तो पाण्यावर. तिच्या हळदीला पाण्यावर. जानेवारीत फोनवर मी सांगितलं, या वेळी नऊ मार्चला पाळण्याशी दिसला नाहीस तर मला तोंड दाखवू नकोस, परत हर्णैला आलास तरी दार उघडणार नाही. तो म्हणाला, "माझी फेरी आहे त्या दिवसांत, मी काय करू?" मी म्हटलं, "ते तुझं तू बघ." आणि फोन ठेवला. पुढच्या दोन रविवारी त्याने केला, मी घेतला नाही. म्हटलं कळू दे जरा.

विद्याला आज हे सांगितलं, की बघ, तुझ्यासाठी भांडत होते. ती स्वयंपाकघरात निघून गेली. बाळंतिणीचं मन हलकं असतं.

१८ मार्च

हर्णैला फोन केला. लिलावात बायकांनी वृंदाला तिच्या जागेवरून उठवलंय. तिची पाटी आता पार टोकाला, बर्फाच्या गाडीपाशी. तिच्याकडून कोणी मासळी घेत नाही. तिच्या मोठ्या पोराला शाळेत म्हणाले, तुझा बाप झोपला आणि दुसऱ्याचा मेला.

मीच सांगितलं होतं सगळ्यांना, ताप आल्याचं. खरं तेच सांगितलं. मी काय तिला उठवा म्हटलं नव्हतं.

१९ मार्च

दिलीपला मी कालचं सांगितलं. त्याला माहीत होतं. म्हणाला, "होईल कमी."

"तुझी बायको आहे ती."

"हो, काकी."

परत विचारलं काय झालं होतं तुला. म्हणाला पोट बिघडलं होतं. मी म्हटलं, आधी ताप होता. म्हणाला, दोन्ही होतं. खोटारडा. दारू पिऊन पडला असणार.

२६ मार्च

युजीन आम्हाला चर्चमागे घेऊन गेला. एलिनोरच्या माणसांचा दगड आहे तिथे. आठ नावं. नवव्या ओळीला फक्त भट्टीवाला. विद्याने वाचून दाखवलं. बाळ अंगावर बांधून आली होती.

मी म्हटलं, नाव का नाही, माणूस होता की बैल?

युजीनने सांगितलं. दिलीप सांगत गेला, तसं लिहिते. बोटीचा खरा भट्टीवाला त्या पहाटे आलाच नाही. वाफ धरलेली, भरती निघून चाललेली. तांडेलाने धक्क्यावर कोळशाच्या गलबतावरचा एक माणूस उभा होता त्याला विचारलं, येतोस? तो आला. नाव लिहायला वेळ नव्हता, परत आल्यावर लिहू म्हणाले. कुठल्या गावचा, कोणाला माहीत नाही. त्याच्या घरच्यांना कधी कळलंच नसणार.

"आणि जो गेला नाही तो?"

युजीन हळूच बोलला. दिलीप ऐकत राहिला, पण पुढे मराठीत काही बोलेना. मी म्हटलं, काय रे, जीभ गिळलीस? तर तो वळून फाटकाबाहेर गेला.

विद्याने सांगितलं मग. तो युजीनचा आजा. म्हातारा होऊन मेला. दर रविवारी येऊन हा दगड धुवायचा. त्याच्यामागे युजीनचा बाप, आता युजीन. का गेला नाही त्या दिवशी, ते मरेपर्यंत बोलला नाही.

मी म्हटलं, प्यायला असेल. सगळीकडे सारखेच.

विद्या म्हणाली, "आई, प्लीज." तिचे डोळे भरलेले. तिला म्हटलं, घरी जा, बाळाला वारा लागेल.

७ एप्रिल

पाणबुड्यांनी काम थांबवलं. बोट आतून दोनदा बघितली, तो आत नाही. जाळ्याचा तुकडा कापून आणला. हॉलमागे पसरून ठेवला होता. मी गेले, बसले, हात फिरवला. एका जागी ठिगळ होतं, ताजं. विद्याचा बाप डावखुरा, त्याची गाठ उलटी बसते. लग्न झालं तेव्हा सासू म्हणायची, याच्या जाळ्याला समोरून नाही, पाठून बघा. चाळीस-पन्नास गाठी होत्या. नीट घातलेल्या, घाई नाही. म्हणजे शेवटच्या दिवसापर्यंत हात चांगले चालत होते.

जाळ्यात कोळसा अडकला होता. तो कोणाला न विचारता पदरात घेतला.

१२ एप्रिल

परेशच्या ओळखीचा यशोधन आला, डंडॉकला कॉम्प्युटरवर काम करतो आणि शनिवार-रविवारी पूजा सांगतो. मुलगा चांगला. म्हणाला, देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून क्रिया करता येते, तसा विधी आहे. दर्भ इथे मिळत नाही, पण गवत चालेल, मी नाशिकला विचारून घेतलंय.

मी म्हटलं, गवताचा माणूस करून जाळू आणि उद्या तो किनाऱ्याला लागला तर? त्याला काय सांगू, तुला जाळून झालं?

तो चहा प्यायला. दोन महिने झाले, आजी, एवढंच म्हणाला. मी आजी कधीपासून झाले याची.

बांगड्या अजून हातात आहेत. बाकी कोणी काही म्हणत नाही.

२१ एप्रिल

आज दिलीपने परत डबा आणला आणि मी परत बोलले. काय बोलले ते लिहीत नाही, फार बोलले. तुझ्या पोरांना पण असंच होऊ दे, असं शेवटी बोलले.

विद्या बाळाला घेऊन जिन्यावर उभी होती. म्हणाली, "आई, पुरे. दिलीपदादा, ऐकव तिला."

"नको, ताई."

"ऐकव, नाहीतर मी सांगते."

त्याने फोन काढला. त्यात साठवलेला आवाजाचा एक मेसेज लावला. मग विद्याच्या बापाचा आवाज आला. खोलीत असल्यासारखा.

"दिलीप, ऐक. तुझ्या काकीने माझं डोकं खाल्लंय. नऊ मार्चला पाण्यावर असलो तर घरात घेणार नाही म्हणते, फोन पण उचलत नाही. तेव्हा ही तुझी फेरी मी करतो, तू झोप मस्त. पुढची माझी तू कर. आणि तिला कळू देऊ नकोस हां, मी घाबरून ऐकलं म्हणून. डोक्यावर बसेल माझ्या." आणि हसला. खोकल्यासारखा हसतो तो, तसा.

मी म्हटलं परत लाव. त्याने लावला. परत लाव म्हटलं. परत लावला.

ताप नव्हता. पोट नव्हतं.

विद्याला पहिल्या दिवसापासून माहीत. परेशला माहीत. मला सोडून सगळ्यांना.

२२ एप्रिल

डब्यातलं जेवण मी खाल्लं. थंडच.

३० एप्रिल

काही नाही. किनाऱ्यावर गेले. शोधणारे आता दोघेच उरलेत, युजीन आणि दिलीप. युजीनला लांबचं दिसत नाही.

१० मे

दिलीपला म्हटलं, बरोबर चाल, पाठी नको. तो आला बरोबर.

"का नाही सांगितलंस?"

"काकांनी कळू देऊ नकोस सांगितलं होतं. शेवटचं तेच सांगितलं त्यांनी. मोडायचं कसं?"

"त्याने थट्टेत सांगितलं होतं."

"माहितीये. तरी."

किनाऱ्यावरच्या खडकावर बसलो. मी म्हटलं, गावात सांगते खरं काय ते. तो म्हणाला, नको, काकी. गावाला कोणीतरी लागतंच. तुम्हाला तिथे राहायचंय, लिलावात बसायचंय. मी इथे आहे, मला काही ऐकू येत नाही.

"वृंदाला येतं."

तो वाळूत बोटाने गाठ काढत बसला.

मग म्हणाला, आता बोट नाही, दुसऱ्या मालकाकडे कामाचा परवाना होईतो युजीनकडे राहतो, त्याला दिसत नाही म्हणून कामं करतो. दगड पण मीच धुतला या रविवारी.

मी त्याला म्हटलं, तुझा नातू शंभर वर्षांनी माझ्या नवऱ्याचा दगड धूत बसायला नको. तो म्हणाला, नातू मराठी तरी बोलेल का, काकी. आणि आम्ही दोघे जरा हसलो. पहिल्यांदाच. मग परत तेच पाणी बघत बसलो.

१६ मे

यशोधनने क्रिया केली. गवत युजीनच्या मागच्या शेतातलं. बांगड्या मी स्वतः काढल्या, फोडू दिल्या नाहीत कोणाला. परवानगी होती तेवढीच आग, बाहेर शेतात, पावसाची भुरभुर. पेटेना. मग मी तो कोळसा घातला, आगबोटीतला. शंभर वर्षं पाण्यात राहून पेटला. युजीन बघत होता, टोपी हातात.

त्याच्या मनात दगडापाशी एक लहान पाटी लावायची आहे. कागद पुढे केला, नाव लिहा म्हणाला. विद्या लिहायला लागली. मी पेन घेतलं. जोडाक्षर दोनदा चुकलं. प्रल्हाद. लिहिल्यावर वाचून पण दाखवलं, मोठ्याने. एकतीस वर्षांनी उखाण्याशिवाय. युजीनला काही वाटलं नाही, नाव घेणं म्हणजे काय हे आपली माणसं सोडून तिथे कोणाला माहीत.

निघताना दिलीपला म्हटलं, युजीनला विचार, आज्याच्या बायकोला माहीत होतं का, तो का गेला नाही ते.

युजीनने विचार केला. म्हणाला, माहीत नाही. पण आजी कधी या दगडापाशी आली नाही. चर्चला आली तरी पुढच्या दाराने यायची आणि पुढच्या दाराने जायची.

१७ मे

सुतक बघत बसले तर मी निघून जाईन, म्हणून आजच बारसं उरकलं. यशोधन म्हणाला चालत नाही. मी म्हटलं, चालवून घे. परेशची बहीण नागपुरात, तिने फोनवरून कुर्र केलं, फोन बाळाच्या कानाला लावला तर ते रडलं. नाव ज्ञानदा. पाच बायकांऐवजी आम्ही दोघी, शेजारीण आणि हॉलमधली चहावाली. दिलीप दारात उभा होता. मी म्हटलं, आत ये, तिच्या आजोबाच्या जागी उभा राहा. बोलून गेले आणि मग कळलं काय बोलले. तो आला, उभा राहिला.

१८ मे

विमान संध्याकाळी. सामान झालं. त्याचं काहीच नाही न्यायला. जाळ्याचा तुकडा पोलिसांकडे आहे, चौकशी संपेपर्यंत देणार नाहीत.

मुंबईहून एसटीने दापोली, तिथून हर्णै. आमच्या आळीत वृंदाचं घर आधी येतं, तिच्या दारावरून गेल्याशिवाय माझ्या दाराशी जाता येत नाही. या वेळी चपला काढून जाईन. आत घेतलं तर.

मला बोलायला कधी वेळ लागत नाही. पण तिथे गेल्यावर तोंडातून भलतंच निघेल, म्हणून म्हटलं आधी वहीत लिहून ठेवावं, काय सांगायचं ते. सकाळपासून बसले आहे. विद्या दोनदा बघून गेली.

वृंदा,